शिर्डीच्या घराला हीट पंप

शिर्डीच्या साई प्रसादालयात २००९ मध्ये ७३ सौर तबकड्या बसल्या आणि उन्हाच्या वाफेवर स्वयंपाक होऊ लागला. उष्णता गोळा करण्याची ही एक तऱ्हा; हीट पंपाची तऱ्हा वेगळी. तो उष्णता निर्माण करत नाही, फक्त हलवतो. उन्हाळ्यात घरातली बाहेर आणि झडप उलटली की थंडीत बाहेरची आत. म्हणूनच एक युनिट विजेत तीन-चार युनिटांएवढी ऊब मिळते. साध्या हीटरला एकाचे एकच. बाहेर बर्फ असेल तर हा फायदा घटतो, पण शिर्डीची थंडी तेवढी कडक नाही.

पण एकाच हीट पंपावर सगळे घर चालवायचे, तर खरी मेख डक्टची. छतालगत फिरणारी ही हवेची नळी तापलेल्या स्लॅबखाली असते. सांधे गळके किंवा वेष्टण पातळ असेल, तर गारवा खोलीत पोचण्याआधीच संपतो. त्यात ऊब लागणारा हिवाळा थोडाच, मग एवढा खर्च कशाला!

माझे मत स्पष्ट आहे : बांधलेल्या घरात डक्टसाठी तोडफोड करू नका, ‘हॉट अँड कोल्ड’ इन्व्हर्टर स्प्लिट एसी, म्हणजे डक्टविना एका खोलीचा हीट पंपच, पुरेसा आहे. नवा बंगला बांधत असाल, तर आधी गच्चीला पांढरा उष्णतारोधक लेप द्या, मगच यंत्र किती टनांचे लागेल याचा हिशेब मागा.