सात वर्षांच्या मुलाचे दात : केव्हा थांबावे, केव्हा थांबू नये?

दिल्लीतील कोणत्याही प्राथमिक शाळेच्या दुसरीच्या वर्गात जाऊन मुलांना हसावयास सांगितले, तर एक मौजेचे दृश्य दृष्टीस पडते. कोणाचे समोरचे दोन्ही दात पडलेले असतात. कोणाचा एक पडलेला व एक हलत असतो. कोणाच्या इवल्याशा दुधाच्या दातांमध्ये एकच नवा दात फावड्यासारखा रुंद दिसतो. कोणाचे नवे दात तिरपे, तर कोणाचे एकमेकांपासून दूर. आपल्या मुलाचे असे दात पाहून काही पालक घाबरून जातात. उलट काही पालक ‘दुधाचे दात ते, पडायचेच आहेत’ असे म्हणून निश्चिंत राहतात. या दोन्ही वृत्ती कधी बरोबर असतात, तर कधी चुकीच्या. या वयातील बहुतेक वाकडेपणा आपोआप जातो. परंतु थोडे दोष असे असतात की, त्यांवर उपाय करण्याची वेळ एकदा टळली म्हणजे ती परत येत नाही. या दोहोंतील भेद सामान्य पालकास व शिक्षकास कसा ओळखता येईल, हे येथे सांगावयाचे आहे.

दातांची अदलाबदल

मुलाला सुमारे सहाव्या महिन्यापासून दुधाचे दात येऊ लागतात व अडीच वर्षांच्या सुमारास ते वीस होतात. या दातांमध्ये फटी असल्या, तर त्या शुभलक्षण समजाव्यात. कारण पुढे येणारे कायमचे पटाशीचे दात अधिक रुंद असतात आणि त्यांना ही जागा लागते. दुधाचे दात मोत्यांच्या सरासारखे चिकटून असलेले मूल दिसावयास गोड दिसते; परंतु त्याच्याच दातांची पुढे दाटी होण्याचा संभव अधिक असतो.

वयाच्या सहाव्या वर्षी एक महत्त्वाची घटना घडते आणि ती बहुधा कोणाच्या लक्षात येत नाही. दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, प्रत्येक बाजूस वर व खाली, एकेक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही. त्यामुळे पालक तिला दुधाचीच दाढ समजतात आणि ती किडली तरी ‘पडेल’ म्हणून वाट पाहतात. वस्तुतः ती कायमची दाढ असते. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये दातांच्या विषम ठेवणीचे जे वर्गीकरण मांडले, त्याचा आधार याच दाढेची जागा हा होता. वरची व खालची दाढ एकमेकींवर कशा बसतात, यावरून त्यांनी सर्व प्रकार ठरविले. ते वर्गीकरण आजही जगभर वापरले जाते.

सहा ते आठ या वर्षांत पटाशीचे दात बदलतात. नऊ ते बारा या वर्षांत सुळे व उपदाढा येतात. बाराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी कायमची दाढ येते. म्हणजे सहा वर्षे मुलाच्या तोंडात दोन्ही प्रकारचे दात एकत्र नांदत असतात. हा संधिकाल असल्यामुळे त्यात थोडी अव्यवस्था असणे स्वाभाविक आहे.

ज्यांची चिंता करू नये

सात-आठ वर्षांच्या मुलाच्या वरच्या दोन मधल्या दातांत फट असते व शेजारचे दात बाहेरच्या बाजूस कललेले असतात. याचे कारण असे की, हाडाच्या आत वाढणारे सुळे त्यांच्या मुळांवर दाब देत असतात. अकराव्या-बाराव्या वर्षी सुळे खाली उतरले म्हणजे ही फट बहुधा मिटते. ती आधीच तारेने मिटविण्याचा आग्रह धरू नये.

खालचे नवे दात कधी दुधाच्या दातांच्या मागे, दुसऱ्या रांगेत उगवतात. दुधाचा दात हलत असेल, तर तो पडू द्यावा. नंतर जीभ नव्या दाताला हळूहळू पुढे ढकलते. दोन-तीन महिने झाले तरी दुधाचा दात हलत नसेल, तर मात्र दंतवैद्याकडे जावे.

खालच्या पटाशीच्या दातांची थोडी दाटीही पुष्कळदा कमी होते. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद असतात. खालच्या जबड्यात या फरकामुळे प्रत्येक बाजूस सरासरी १.७ मिलिमीटर जागा मोकळी होते. निसर्गाने ठेवलेली ही शिल्लक होय. मात्र दुधाची दाढ आपल्या वेळेपर्यंत टिकली, तरच ही शिल्लक उपयोगी पडते.

ज्यांची वाट पाहू नये

पहिले लक्षण म्हणजे दुधाची दाढ अकाली जाणे. किडीमुळे पाचव्या-सहाव्या वर्षी ही दाढ काढावी लागली, तर तिच्यामागची सहाव्या वर्षीची दाढ पुढे सरकते आणि रिकामी जागा व्यापते. मग उपदाढेला उगवण्यास वाट उरत नाही. ती हाडातच अडकते किंवा रांगेबाहेर येते. दाढ काढल्यावर लगेच तेथे तारेची एक साधी कडी बसवून जागा राखता येते. अर्थात दाढ किडू न देणे हा त्याहूनही सोपा उपाय आहे.

दुसरे लक्षण उलट चावण्याचे. तोंड मिटले असता वरचे दात खालच्या दातांच्या बाहेर असावयास हवेत. समोरचा एखादा वरचा दात खालच्या दाताच्या मागे अडकत असेल, तर प्रत्येक घासागणिक खालच्या दाताला धक्का बसतो व त्याची हिरडी झिजते. एका बाजूच्या दाढा उलट बसत असतील, तर मूल चावताना खालचा जबडा त्या बाजूस सरकवते. ही सवय वाढत्या वयात राहिली, तर चेहरा एकांगी होण्याची भीती असते. वरचा जबडा दोन अर्धांचा बनलेला असून ते टाळूच्या मध्यरेषेवर जोडलेले असतात. लहानपणी हा सांधा सैल असतो; तारुण्याच्या सुमारास तो घट्ट गुंफला जातो. त्यामुळे अरुंद जबडा रुंद करण्याचे जे काम आठव्या-नवव्या वर्षी सहज होते, ते विसाव्या वर्षी कठीण होऊन बसते.

सर्वच खालचे दात वरच्या दातांच्या पुढे असतील व हनुवटी पुढे आलेली दिसत असेल, तर त्वरा अधिकच हवी. ब्रिटनमध्ये सात ते नऊ वर्षांच्या अशा मुलांच्या एका गटास चेहऱ्यावर लावण्याच्या साधनाने वरचा जबडा पुढे ओढण्याचे उपचार देण्यात आले व दुसऱ्या गटास देण्यात आले नाहीत. सहा वर्षांनंतर तज्ज्ञांनी दोन्ही गट तपासले. तेव्हा जबड्याच्या शस्त्रक्रियेची गरज उपचार झालेल्या गटात ३६ टक्के, तर दुसऱ्या गटात ६६ टक्के मुलांना आहे, असे त्यांचे मत पडले. हे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.

तिसरे लक्षण म्हणजे डाव्या व उजव्या बाजूंतील विलंब. एका बाजूचा वरचा मधला दात येऊन सहा महिने लोटले आणि दुसऱ्या बाजूचा आला नाही, तर हाडात एखादा जादा दात त्याची वाट अडवून बसला असण्याचा संभव असतो. तसेच दहाव्या वर्षी वरच्या सुळ्याचा उंचवटा ओठाच्या आत, हिरडीवर बोटाला लागावयास हवा. तो लागत नसेल, तर सुळा टाळूकडे वळला असू शकतो. स्वीडनमधील संशोधकांनी १९८८ मध्ये दाखवून दिले की, अशा ४६ सुळ्यांपैकी ३६ सुळे केवळ दुधाचा सुळा वेळीच काढल्यामुळे योग्य मार्गावर आले. तेच काम उशिरा करावयाचे, तर हिरडी उघडून सुळा तारेने ओढून आणावा लागतो.

चौथे लक्षण म्हणजे फार पुढे आलेले वरचे दात. येथे मात्र विवेक हवा. असे दात लवकर मागे घेतल्यास अंतिम परिणाम अधिक चांगला होतो, असा पूर्वी समज होता. १९९० च्या दशकात अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना व फ्लोरिडा येथे आणि नंतर ब्रिटनमध्ये मुलांचे गट पाडून हा समज तपासण्यात आला. लवकर सुरू करून दोन टप्प्यांत केलेले उपचार किशोरवयातील एकाच टप्प्यातील उपचारांपेक्षा एकंदरीत सरस ठरले नाहीत. एक लाभ मात्र दिसला : पडल्यामुळे समोरचे दात तुटण्याचे प्रमाण कमी झाले. म्हणून दात फार पुढे असून ओठांनी झाकले जात नसतील व मूल खेळकर असेल, तर लवकर सल्ला घ्यावा. एरवी थांबण्यात नुकसान नाही.

दिल्लीच्या शाळांतील एक पाहणी

दातांची ठेवण केवळ आनुवंशिकतेने ठरत नाही. सवयींनीही ती घडते. दिल्लीच्या शाळांतील ५ ते १३ वर्षे वयाच्या ५,५५४ मुलांची या दृष्टीने पाहणी करण्यात आली. डॉ. ओमप्रकाश खरबंदा व त्यांचे सहकारी यांनी तिचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. २५.५ टक्के मुलांत तोंडाची कोणती ना कोणती सवय आढळली. गिळताना जीभ दातांवर ढकलण्याची सवय १८.१ टक्के, तोंडाने श्वास घेण्याची ६.६ टक्के आणि अंगठा चोखण्याची अवघी ०.७ टक्का मुलांत होती.

या आकड्यांवरून एक बोध घ्यावयास हवा. आपण अंगठा चोखणाऱ्या मुलाला रागावतो, कारण तो दिसतो. त्याहून कितीतरी अधिक मुले उघड्या तोंडाने श्वास घेत असतात, तिकडे आपले लक्ष नसते. दात हलतो तो दाबाच्या जोरापेक्षा दाबाच्या कालावधीमुळे. तारेचे उपचार याच तत्त्वावर चालतात आणि वाईट सवयीही याच तत्त्वावर दात बिघडवितात. रात्रभर तोंडात असलेला अंगठा हलका असला, तरी पुरेसा असतो. उघड्या तोंडात जीभ खाली राहते. वरच्या दाढांना आतून मिळणारा तिचा आधार जातो आणि जबडा अरुंद होण्याची शक्यता वाढते.

जीभ ढकलणाऱ्या प्रत्येक मुलाला उपचार लागतात, असे मात्र नाही. शैशवातील गिळण्याची ती रीत पुष्कळांत वाढत्या वयाबरोबर सुटते. वर-खालचे समोरचे दात मिटल्यावरही त्यांत फट राहत असेल, तरच सल्ला घ्यावा. अंगठा बहुतेक मुले चौथ्या वर्षापर्यंत आपणहून सोडतात. कायमचे पटाशीचे दात येण्यापूर्वी तो सुटावा. धाक दाखवून नव्हे, तर कौतुक करून तो सोडवावा.

तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलास प्रथम नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम या भागांत हिवाळ्यातील दूषित हवेने मुलांची नाके वारंवार चोंदतात. सर्दीपुरते तोंड उघडे राहणे ही सवय नव्हे. परंतु सर्दी नसतानाही मूल रात्री तोंड उघडे ठेवून झोपते व घोरते, तर घशामागील ग्रंथी वाढल्या आहेत काय, हे पाहिले पाहिजे. श्वासाची वाट मोकळी झाल्यावाचून नुसत्या तारेने फारसे साधत नाही.

घरी कसे पाहावे

मुलास खिडकीशी, उजेडाकडे तोंड करून बसवावे. हात स्वच्छ धुवावेत. मुलास मागच्या दाढा एकमेकींवर दाबण्यास सांगावे. ‘दात दाखव’ म्हटल्यावर मुले समोरचे दात जुळवितात व दोष झाकला जातो. मग ओठ बाजूला करून पुढील प्रश्न विचारावेत. वरचे दात सर्वत्र खालच्या दातांच्या बाहेर आहेत काय? दोन्ही मध्यरेषा जवळपास जुळतात काय? चावताना हनुवटी एका बाजूस सरकते काय? समोर फट राहते काय, किंवा उलट खालचे दात टाळूला टोचतात काय? डावीकडे जे दात आले, ते उजवीकडेही आले काय? ओठ सहज मिटतात काय? एखादी दाढ अकाली गेली आहे काय? या सर्वांची उत्तरे समाधानकारक असली, तरी सातव्या वर्षाच्या सुमारास एक तपासणी करून घ्यावी, अशी शिफारस अमेरिकेतील ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना करते. कारण हाडातील दात डोळ्यांना दिसत नाहीत.

तपासणी म्हणजे उपचार नव्हे. पुष्कळदा तिचा निष्कर्ष ‘सहा महिन्यांनी पुन्हा या’ एवढाच असतो आणि तो उत्तम निष्कर्ष होय. उपचार सुचविले गेले, तर पालकांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : ‘हे आज केले नाही, तर पुढे काय करता येणार नाही?’ याचे स्पष्ट उत्तर मिळाले, तर विलंब करू नये. ‘दात सुंदर दिसतील’ एवढेच उत्तर मिळाले, तर सर्व कायमचे दात येईपर्यंत बहुधा थांबता येते. दिल्लीत अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था व मौलाना आझाद दंतविज्ञान संस्था येथे, तर महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत सामान्य कुटुंबासही असा सल्ला मिळू शकतो.

पडलेला दुधाचा दात छपरावर टाकून नवा मागण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. नवा दात येतोच. पण त्याला त्याची जागा मोकळी मिळते की नाही, हे पाहण्याचे काम मात्र मोठ्या माणसांचे आहे.