डीसी चॉपरचे प्रकार: शिरोड्यातल्या सोलर सेटपासून मुंबईच्या लोकलपर्यंत

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा सिंधुदुर्गात विजेचे खांब पडले आणि कित्येक गावं अंधारात राहिली. अशा वेळी शिरोड्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात छपरावरचं सोलर पॅनेल आणि १२ व्होल्टची बॅटरीच उपयोगी पडते. पण पॅनेल तेच, बॅटरी तीच, तरी एका घरातला दिवा रात्रभर चालतो आणि दुसऱ्या घरातला लवकर मंद होतो. असं का? बऱ्याचदा उत्तर मधल्या छोट्या डब्यात, म्हणजे चार्ज कंट्रोलरमध्ये असतं. त्याच्या पोटात असतो डीसी चॉपर.

चॉपर म्हणजे काय?

एसीचा व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरने बदलता येतो, डीसीचा नाही. म्हणून डीसी सप्लाय एका स्विचने सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. हा स्विच म्हणजे मॉसफेट, आयजीबीटी किंवा जुन्या सर्किटमध्ये थायरिस्टर.

शिरोड्याची मिठागरं डोळ्यांसमोर आणा. भरतीचं पाणी आत घेताना दार किती वेळ उघडं ठेवलं, त्यावर आत किती पाणी आलं ते ठरतं. इथेही तसंच. एकूण वेळेपैकी स्विच जितका वेळ चालू, त्या प्रमाणाला ‘ड्युटी सायकल’ म्हणतात.

व्होल्टेजनुसार प्रकार

१. स्टेप-डाउन (बक): आउटपुट = ड्युटी सायकल × इनपुट. १२ व्होल्ट आणि ६० टक्के ड्युटी सायकल असेल तर सरासरी ७.२ व्होल्ट मिळतात.

२. स्टेप-अप (बूस्ट): स्विच चालू असताना इंडक्टरमध्ये ऊर्जा साठते. स्विच बंद झाला की ती सप्लायच्या जोडीला येऊन व्होल्टेज वाढवते. आउटपुट = इनपुट ÷ (१ − ड्युटी सायकल). पॉवर बँकेतला ३.७ व्होल्टचा सेल मोबाइलला ५ व्होल्ट देतो तो असाच, साधारण २६ टक्के ड्युटी सायकलवर.

३. बक-बूस्ट: व्होल्टेज कमीही करतो, जास्तही. फक्त साध्या बक-बूस्टमध्ये आउटपुटची पोलॅरिटी उलटी असते, हे विसरू नका.

क्वाड्रंटनुसार प्रकार

परीक्षेत हमखास विचारतात ते हे. प्रश्न एवढाच: लोडचा व्होल्टेज आणि करंट कोणत्या दिशेचा असू शकतो?

- क्लास ए: दोन्ही पॉझिटिव्ह. सप्लायकडून मोटरकडे ऊर्जा जाते, मोटर पुढे फिरते.
- क्लास बी: व्होल्टेज पॉझिटिव्ह, करंट उलटा. ब्रेक लावताना मोटर जनरेटर बनते आणि ऊर्जा सप्लायकडे परतते.
- क्लास सी: ए आणि बी एकत्र. इथे दोन्ही स्विच एकाच वेळी चालू झाले तर सप्लाय थेट शॉर्ट होतो, म्हणून मध्ये थोडा ‘डेड टाइम’ ठेवतात.
- क्लास डी: करंट एकाच दिशेचा, व्होल्टेज दोन्ही दिशांचा.
- क्लास ई: चारही क्वाड्रंट. मोटर पुढे-मागे फिरते आणि दोन्हीकडे ब्रेकही लागतो.

याचा फायदा किती मोठा, ते रेल्वेत कळतं. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी १५०० व्होल्ट डीसीवर धावली. जुन्या डीसी लोकलमध्ये वेग नियंत्रणासाठी रेझिस्टन्स वापरत, म्हणजे गाडी सुटताना बरीच वीज नुसती उष्णता होऊन जायची. चॉपरमध्ये स्विच एकतर पूर्ण चालू असतो किंवा पूर्ण बंद, त्यामुळे ही नासाडी फार कमी होते.

आता शिरोड्याच्या छपरावर परत येऊ

समजा १०० वॅटचं पॅनेल आहे. कडक उन्हात ते १८ व्होल्टला साधारण ५.५ अँपिअर देतं. बॅटरी आहे १२.५ व्होल्टवर.

साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे नुसता स्विच, इंडक्टर नाही. तो पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. करंट तेवढाच राहतो, म्हणून १२.५ × ५.५ = सुमारे ६९ वॅट मिळतात. एमपीपीटी कंट्रोलरमध्ये बहुधा बक चॉपर असतो. तो पॅनेलला १८ व्होल्टवरच राहू देतो आणि बॅटरीला जवळजवळ ८ अँपिअर देतो, थोडा लॉस वगळून. पॅनेल तेच, पण ३० वॅटच्या आसपास फरक!

बाजारात काही स्वस्त डब्यांवर ‘एमपीपीटी’ नुसतं छापलेलं असतं. ओळखायचं कसं? बॅटरी अर्धी उतरलेली असताना, भर उन्हात, चार्जिंग चालू ठेवून पॅनेलच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावा. १७-१८ व्होल्ट दिसले तर आत खरा चॉपर आहे. बॅटरीइतकेच, म्हणजे १३ च्या आसपास दिसले, तर तो पीडब्ल्यूएमच समजा. पैसे देण्याआधी दुकानदाराकडे ही चाचणी मागा. पुढच्या वादळात दिवा किती वेळ चालेल, ते यावरच ठरणार आहे.