श्यामची आई पुन्हा पाहताना

पोलादपूरचे आमचे एक स्नेही नेहमी सांगतात, की जुना सिनेमा पुन्हा पाहू नये. लहानपणी खाल्लेला रायवळ आंबा मोठेपणी शोधायला गेलात, तर हिरमोड ठरलेला. आंबा तोच असतो, जीभ बदललेली असते. परवापर्यंत मलाही हे पटत असे.

२०२१च्या जुलैतल्या पुरात सावित्रीचे पाणी आमच्या महाडच्या घरात शिरले. भांडी घासून निघाली, कपाटे उन्हात वाळवली, पण माळ्यावर टाकायच्या राहून गेलेल्या व्हिडिओ कॅसेटींचा खोका मात्र चिखलातच गेला. मी हळहळलो, तेव्हा नववीतली मुलगी म्हणाली, "बाबा, हे सगळं आता मोबाइलवर मिळतं." तिने मोबाइल टीव्हीला जोडून दिला आणि तेव्हापासून रविवारी दुपारी जेवणानंतर एक जुना सिनेमा पाहायचा, असा आमच्या घरचा शिरस्ता पडला. आई, आम्ही दोघे आणि मुलगी, असे चौघे. आईचे वय अठ्ठ्याहत्तर. सिनेमात पुढे काय होणार, हे ती आधीच सांगून टाकते.

सुरुवात अर्थातच ऐतिहासिक सिनेमांनी झाली. रायगड आमच्या महाड तालुक्यात आणि तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ शेजारच्या पोलादपूर तालुक्यात, तेव्हा हे सिनेमे आम्ही जरा हक्कानेच पाहतो. भालजी पेंढारकरांचा 'छत्रपती शिवाजी' १९५२चा. गडाच्या भिंती रंगवलेल्या आहेत हे आता लगेच कळते. दाढीमिशांचेही तसेच. मुलगी दोन-तीनदा हसलीसुद्धा. पण चंद्रकांत मांडरे महाराजांच्या वेषात उभे राहिले, की तिचे हसू थांबे. २०२०चा 'तान्हाजी' तिने टॉकीजमध्ये पाहिला आहे. त्यातले कडे संगणकाने रचलेले, डोळे दिपवणारे. तरी तीच म्हणाली, "त्यात लढाई लक्षात राहते, यात माणूस." भालजींना याहून चांगली पावती कोणती हवी?

मग 'श्यामची आई'ची पाळी आली. आचार्य अत्र्यांचा १९५३चा चित्रपट, राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी. साने गुरुजींचे पालगड इथून काही फार लांब नाही. शाळेत असताना हा सिनेमा आम्ही पटांगणात पांढऱ्या पडद्यावर पाहिला होता आणि रडलो होतो. म्हणूनच या वेळी मनात धाकधूक होती.

खरे सांगायचे तर काही गोष्टी खटकल्या. संवादांना नाटकाची चाल आहे. आईने सोसायचे, सोसतच राहायचे आणि घराने त्याला संस्कार म्हणायचे, हे आज माझ्या बायकोला रुचले नाही. "कर्ज वडिलांचं आणि झीज आईची," ती म्हणाली. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारते, तेव्हा मुलगी चक्क दचकली. आम्ही तिच्यावर कधी हात उगारलेला नाही. पण वनमालाबाईंचा चेहरा? तो कुठेही खोटा वाटत नाही. आणि माधव वझ्यांचा श्याम अभिनय करतो आहे, असे सत्तर वर्षांनंतरही वाटत नाही. डोळे पुसायला पदर आणि रुमाल निघालेच.

सिनेमा संपला आणि आईने कपाटातून पुस्तक काढले. पुरातून वाचलेल्या चार पुस्तकांपैकी ते एक. मोळीचा प्रसंग तिने नातीला वाचून दाखवला. एका अस्पृश्य म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडते, तिला ती उचलवत नाही. श्यामची आई त्याला सांगते, की जा, तिच्या डोक्यावर मोळी दे. आणि मग घरी येऊन आंघोळ कर.

"आंघोळ कशाला?" मुलीने विचारले.

आई गप्प. मीही गप्प.

आमचे घर चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला आणि १९२४मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, पण कागदावरच. २० मार्च १९२७ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारोंचा समुदाय घेऊन तळ्यावर आले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्या दिवशी परतणाऱ्या लोकांवर गावातल्यांनी हल्ले केले, आणि मागाहून तळ्याचे शुद्धीकरणही केले. कोर्टकचेरी मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेली आणि १९३७ साली निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला. गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली ती १९३३ साली, म्हणजे हा खटला चालू असतानाच.

गुरुजींनी ती आंघोळ पुस्तकातून गाळली नाही, हे मला आता फार मोलाचे वाटते. आईला थोर दाखवायचे म्हणून त्यांनी ती धुऊनपुसून घेतली नाही. मोळी उचलून देणे हे तिचे पाऊल, आंघोळ ही तिची मर्यादा. पुढचे पाऊल मुलाने टाकले. १९४७ साली पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, तो हाच श्याम.

तरी एक उणीव राहतेच. त्या म्हातारीला नाव नाही. ती मोळी घेऊन निघून जाते आणि आपण श्यामबरोबर घरी येतो. ती कुठे गेली, पाणी कुठले प्यायली, हे विचारायला आपण थांबत नाही. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही जब्बार पटेलांचा २०००चा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' लावला. सिनेमा लांबलचक आहे. चरित्राची पाने भराभर उलटावीत, तसा काही ठिकाणी धावतो. पण मामुट्टी तळ्याच्या पाण्याशी येतात, तेव्हा त्या म्हातारीच्या बाजूने पाहणे म्हणजे काय, ते उमगते. इथे पाणी कुणी दिलेले नाही, स्वतः घेतलेले आहे. दोन्ही सिनेमे एकामागून एक पाहावेत, असे मी आता सगळ्यांना सांगतो.

तो सिनेमा संपल्यावर मुलीने दुसरा प्रश्न विचारला. "त्या दिवशी आपले पणजोबा कुठे होते?"

माझे आजोबा तेव्हा दहा-बारा वर्षांचे असतील. त्यांनी मला रायगडाच्या शंभर गोष्टी सांगितल्या. घराजवळच्या तळ्याची एकही सांगितली नाही. मी कधी विचारलेही नाही. आता विचारायला ते नाहीत. मी मुलीला एवढेच सांगितले, की मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे तळ्यावर जाऊन आलो. बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी ती बराच वेळ उभी होती. काही बोलली नाही.

पोलादपूरच्या स्नेह्यांना मी फोन केला. म्हटले, जीभ बदलते हे तुमचे खरे. पण म्हणूनच पुन्हा पाहायचे. सत्तर वर्षांचा सिनेमा नववीतल्या मुलीला प्रश्न विचारायला लावत असेल, तर तो शिळा झाला असे कसे म्हणायचे? येत्या रविवारी ते आमच्याकडे जेवायला येणार आहेत. सिनेमा त्यांनी निवडायचा आहे.