गाडी तापते? पत्रा सगळ्यात शेवटी कापा

घोडपदेवला हा विषय नवा नाही. शेजारी दारूखान्यात पत्रा आणि भंगार मिळतं, वेल्डिंगवाले हाकेच्या अंतरावर. त्यामुळे कुणाकडे जुनी स्पोर्ट्स कार आली, की घरच्या घरी बदल करायला हात शिवशिवतात. पहिली तक्रार ठरलेली असते, गाडी तापते. मग मोठा रेडिएटर बसवायचा, बॉनेटला भोकं पाडायची. आमचं म्हणणं एवढंच, की हे काम यादीत शेवटचं हवं.

कारण साधं आहे. इंधन जळून जी ऊर्जा निघते, तिचा साधारण एक तृतीयांश भाग कूलंटमध्ये जातो. पाणी ती उष्णता वाहून नेतं, पण सोडायची असते हवेतच. हवा जाळीतून गेलीच नाही, तर मोठ्या रेडिएटरचा फायदा फारसा नाही. त्यात स्पोर्ट्स कारचं नाक बुटकं आणि इंजिनाभोवती जागा कमी. हायवेवर हवा आपोआप आत शिरते. लालबागच्या सिग्नलला मात्र सगळा भार पंख्यावर.

म्हणून आधी विचारा, गाडी तापते कधी? उभी असताना तापते आणि धावू लागली की उतरते, तर पंखा, त्याची रिले आणि त्याभोवतीचं कवच बघा. पंखा चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरा. चिकटला नाही, तर हवा ओढली जात नाहीये. वेगात तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदलाय का, वॉटर पंप आणि त्याचा पट्टा ठीक आहे का, ते पाहा. सुरू केल्यावर लगेच काटा चढतो आणि रेडिएटरचा होज गारच राहतो, तेव्हा थर्मोस्टॅट अडकल्याचा संशय घ्यावा.

यानंतर फटी बुजवा. समोरून आलेली हवा रेडिएटरच्या कडेने निसटते, तिला फोम किंवा पत्र्याच्या पट्ट्या लावून जाळीतूनच जायला लावायचं. खर्च किरकोळ, फरक मोठा.

एक इशारा. गरम इंजिनावर रेडिएटरचं टोपण उघडायचं नाही. 0.9 बारच्या टोपणाखाली साधं पाणी सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. टोपण काढताच दाब जातो, पाण्याची वाफ होते आणि चेहरा भाजतो. गाडी थांबवा, थंड होऊ द्या.

एवढं करूनही तापत असेल, तरच बॉडीला हात लावा. आणि छिद्र कुठे, हे आधी ठरवा. बॉनेटची मागची बाजू उचलून ठेवण्याची फॅशन आहे; पण धावत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, तिथून गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरची हवाच आत घुसू शकते. बॉनेटवर लोकरीचे छोटे धागे चिकटवा आणि दुसऱ्या गाडीतून व्हिडिओ घ्या. हवा कुठे सरळ जाते, कुठे उलटी फिरते, ते डोळ्यांना दिसतं.

पत्रा कोणता, हेही महत्त्वाचं. गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मसारख्या गाडीची बॉडी फायबरग्लासची. ती गंजत नाही, पण कापताना मास्क हवाच, आणि कापलेल्या कडेला रेझिन लावायचं, नाहीतर तडे जातात. लोखंडी पत्रा असेल, तर मुंबईची खारी हवा कापलेली कड पहिल्या पावसाळ्यातच धरते. त्याच दिवशी प्रायमर मारा.

प्रश्न आला आहे : 'मेकॅनिक थर्मोस्टॅट काढून टाक म्हणतो. काढू का?' नको. इंजिन गारच राहतं, पेट्रोल जास्त खातं, झिजही वाढते. काही इंजिनांत तर बायपास उघडा राहून गाडी उलट जास्त तापते.

शेवटी कायदा. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. तेव्हा ग्राइंडर हातात घेण्याआधी आरटीओमध्ये चौकशी करा. फटी बुजवायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही, तिथूनच सुरुवात करा.