आरंभशूर योजनांचा धडा

शाळेतून रोजगाराकडे जाणारी वाट सुकर करावी, हा विचार आपल्याकडे नवा नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्यात व्यवहारोपयोगी शिक्षणाचा आग्रह होता. १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. १९६६ मध्ये कोठारी आयोगाने माध्यमिक शिक्षणाच्या व्यावसायिकीकरणाची शिफारस केली. कल्पनांचा तुटवडा या देशाला कधीच नव्हता. तुटवडा आहे तो सातत्याचा.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत आणि २५ टक्के विद्यार्थी १९९५ पर्यंत व्यावसायिक शाखेत आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्यासाठी १९८८ मध्ये केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली. १९९२ मध्ये धोरणाचा फेरविचार झाला तेव्हा टक्केवारी तीच राहिली, मुदत मात्र पाच वर्षांनी पुढे सरकली. २०२० च्या धोरणाने तर २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यावसायिक शिक्षणाचा परिचय करून देण्याचे ठरवले. १९ ते २४ वयोगटातील पाच टक्क्यांहूनही कमी श्रमिकांना औपचारिक व्यावसायिक शिक्षण मिळाले आहे, हा बाराव्या पंचवार्षिक योजनेतील अंदाज त्याच धोरणात उद्धृत केलेला आहे. उद्दिष्टे वाढत गेली. पाया तेवढाच राहिला.

या उलट जे टिकले, त्याकडे पाहावे. शिकाऊ उमेदवारी कायदा १९६१ चा. १९७३, १९८६ आणि २०१४ मध्ये त्यात दुरुस्त्या झाल्या, सरकारे बदलली, पण कायदा राहिला. आज ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. अंमलबजावणी उणी आहे, हे खरे. तरीही दाद मागायला कायद्याचे कलम आहे. केरळने १९८३-८४ मध्ये व्यावसायिक उच्च माध्यमिक शाळा सुरू केल्या. आज त्या ३८९ आहेत. तेथील बरेच विद्यार्थी नोकरीऐवजी पदवीकडे वळतात, हा आक्षेप रास्त आहे. परंतु राज्याचा स्वतःचा अर्थसंकल्प, शिक्षकांची नियमित पदे आणि पुढच्या शिक्षणाचे उघडे दार यांमुळे ती व्यवस्था चार दशके उभी राहिली.

अलीकडच्या योजनांना ही स्थिरता लाभलेली नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ पासून चार आवृत्त्यांतून गेली. समग्र शिक्षा अभियानाखालील व्यावसायिक प्रशिक्षक हिमाचल प्रदेशासह अनेक राज्यांत खासगी संस्थांमार्फत कंत्राटावर नेमले गेले. ज्याला पुढच्या जूनमध्ये आपण याच शाळेत असू की नाही हे ठाऊक नाही, त्याने परिसरातील गॅरेज, रुग्णालय किंवा हॉटेल यांच्याशी संबंध कशाच्या बळावर जोडावेत? विद्यार्थ्याला पहिले काम मिळते ते बहुधा अशा ओळखीतून. आणि ओळख जडायला वर्षे लागतात.

महाराष्ट्राचा अनुभवही बोलका आहे. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना दरमहा सहा हजार, तर पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. प्रशिक्षणाचा कालावधी सहा महिन्यांचा होता. तो पुढे अकरा महिन्यांवर नेला. मुदत वाढली, पण ती संपल्यावर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर योजनेच्या रचनेतच नव्हते.

वित्त विभाग म्हणेल, फळ न देणाऱ्या योजना का पोसाव्यात? प्रश्न योग्य आहे. मात्र फळ मोजायचे कसे, हेच आपण ठरवलेले नाही. आज आपण प्रवेश आणि प्रमाणपत्रे मोजतो. विद्यार्थी दोन वर्षांनंतर कोणते काम करतो, किती कमावतो, याची नोंद शाळेकडे नसते. अशा नोंदीअभावी चांगली योजना वाचवता येत नाही आणि वाईट योजना सन्मानाने बंदही करता येत नाही.

सोळाव्या वित्त आयोगाचा २०२६ ते २०३१ हा कालावधी त्यासाठी योग्य चौकट ठरू शकेल. केंद्र व राज्यांनी या पाच वर्षांसाठी निधीची लेखी हमी द्यावी. प्रशिक्षकांची पदे मध्यस्थाविना, शाळेच्या मंजूर पदांत धरावीत. काही शाळांच्या गटामागे एक पूर्णवेळ अधिकारी नेमून स्थानिक उद्योगांशी संपर्क आणि माजी विद्यार्थ्यांचा दोन वर्षे मागोवा ही कामे त्याच्याकडे सोपवावीत. तीसपेक्षा कमी कर्मचारी असलेल्या लघुउद्योगांना एकत्रितपणे शिकाऊ उमेदवार घेता यावेत, यासाठी औद्योगिक संघटनांना साह्य द्यावे.

यात उद्घाटनाची फीत कापण्याजोगे काही नाही, आणि कदाचित हीच अडचण आहे. नव्या नावाची योजना जाहीर करणे सोपे. जुन्या योजनेतील प्रशिक्षकाचा पगार आठव्या वर्षीही वेळेवर देणे कठीण. नववीत व्यावसायिक विषय निवडणारी मुलगी बारावी होईपर्यंत चार वर्षे जातात. निदान तेवढा काळ तरी तिच्या पायाखालची वाट शासनाने काढून घेऊ नये.