कांगारूला जमतं ते आपल्याला जमत नाही

पोरांनो, ऊन अंगावर पडलं की आपल्याला कळतो तो फक्त चटका. पण त्यात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. ते कातडीच्या पेशीत शिरतात आणि थेट डीएनएला गाठतात. डीएनएच्या साखळीत थायमिन नावाचा एक घटक असतो. दोन थायमिन शेजारी-शेजारी असले आणि किरण नेमका तिथे बसला, की ते एकमेकांना चिकटतात. मग पेशी त्या जागेची नक्कल करताना चुकते. भर दुपारी तासभर खेळलात, तर एकेका पेशीत असे घाव हजारोंनी होतात.

मग आपण धडधाकट कसे, असं विचाराल. पेशीतली काही प्रथिनं दिवसरात्र डागडुजी करत असतात. चिकटलेल्या जागेभोवतीचा सुमारे 30 घटकांचा तुकडा ती कापून काढतात आणि नवा भरतात. नुकसान आटोक्याबाहेरचं असेल, तर पेशी स्वतःच मरून जाते. ऊन लागून भाजल्यावर सालपटं निघतात, ती अशाच पेशींची.

आता खरी गंमत. कांगारूला एवढी कापाकापी करावी लागत नाही. त्याच्याकडे, बेडकाकडे, कितीतरी जिवाणूंकडेही फोटोलायेझ नावाचं प्रथिन असतं. ते निळा प्रकाश शोषतं आणि त्याच जोरावर चिकटलेली जोडी जागच्या जागी सोडवतं. उन्हानं केलेला घाव उन्हानंच भरायचा! माणूस, गाय, उंदीर यांच्या पूर्वजांकडून मात्र ही विद्या वाटेत कुठेतरी हरवली. तुर्कस्तानातल्या सावूर गावच्या अझीझ सँकार यांनी या दोन्ही दुरुस्त्यांचा माग काढला आणि 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलात वाटा मिळवला. असे घाव दुरुस्त व्हायचे राहिले, की पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. आणि नशीब बघा, कांगारूच्याच ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठेपर्यंत 3 पैकी 2 माणसांना त्वचेचा कुठला ना कुठला कर्करोग होतो.

त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा कातडीच्या तळथरातल्या पेशींचा. नाकावर, गालावर मोत्यासारखी चमकणारी गाठ येते. ती सावकाश वाढते, दूर सहसा पसरत नाही. दुसरा वरच्या चपट्या पेशींचा. खवलेदार चट्टा किंवा न भरणारी जखम असं त्याचं रूप, आणि हा पसरू शकतो. तिसरा मेलॅनोमा. संख्येनं कमी, पण जिवावर उठणारा.

अतिनील किरण खिडकीच्या काचेतूनही थोडे आत येतातच. अमेरिकेत 28 वर्षं ट्रक चालवलेल्या एका माणसाचा फोटो 2012 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. खिडकीकडची डावी बाजू सुरकुत्यांनी लोंबलेली, उजवी मात्र कितीतरी तरुण. एकाच चेहऱ्याची दोन वयं!

आपल्या सावळ्या रंगाला नावं ठेवणाऱ्यांना एक सांगा. रंग बनवणाऱ्या पेशी गोऱ्यात आणि काळ्यात जवळपास सारख्याच संख्येनं असतात. अशी एक पेशी आपल्या लांब फाट्यांतून शेजारच्या 30-40 पेशींना मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण पुरवते. ते कण प्रत्येक पेशीच्या केंद्रकावर, नेमके सूर्याच्या बाजूला, छत्रीसारखे पसरतात. आपली छत्री दाट, एवढाच फरक.

म्हणून आपल्याकडे त्वचेचा कर्करोग कमी. पण जो होतो, तो बऱ्याचदा ऊन न पोचणाऱ्या जागी. मुंबईच्या टाटा रुग्णालयातल्या डॉ. वसंत खानोलकरांनी 1945 मध्ये धोतराच्या कर्करोगाबद्दल लिहिलं होतं. कमरेला वर्षानुवर्षं धोतर घट्ट आवळून कातडी घासली जाते आणि तिथे तो होतो. जुन्या भाजल्याच्या व्रणातही होतो. मेलॅनोमा तर तळव्यावर किंवा नखाखाली लपतो. गायक बॉब मार्ली यांना तो पायाच्या अंगठ्यात झाला आणि 1981 मध्ये, अवघ्या 36 व्या वर्षी ते गेले.

लगेच नखं बघायला लागलात ना! सावळ्या माणसांच्या नखांत बारीक तपकिरी रेघा पुष्कळदा असतात, त्यांचं काही नाही. एकाच नखात नवीन रेघ उमटली, रुंद होत गेली, काळेपणा नखाबाहेरच्या कातडीवर उतरला, की ती त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायची. तळव्यावरचा वाढणारा काळा डाग आणि महिना उलटूनही न भरणारी जखमसुद्धा.