बांधाआडचा देश सायकलवरून

अॅमस्टरडॅमचं विमान स्किपोल विमानतळावर उतरतं, तेव्हा ते एका तळ्याच्या तळाला टेकतं. ही थट्टा समजू नका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथं सुमारे १८ हजार हेक्टरांचं पाणी होतं आणि त्यावर गलबतं चालायची. आज त्याच जागी धावपट्ट्या आहेत आणि त्या समुद्रसपाटीच्या सुमारे ११ फूट खाली आहेत. बाहेर पडलं की सपाट हिरवी कुरणं आणि चरणाऱ्या गाई दिसतात. समुद्र मात्र दिसत नाही, कारण तो आपल्या डोक्याच्या वरच्या अंगाला आहे!

पेण-अलिबागच्या खारेपाटातल्या माणसाला हे फार समजावून सांगायला नको. बांध शाबूत आहे तोवर भात, आणि बांधाला खांड गेली की शेतात खारं पाणी. हे गणित आपण पिढ्यान् पिढ्या जाणतो. नेदरलँड्समध्ये, म्हणजे आपण सवयीनं ज्याला हॉलंड म्हणतो त्या देशात, हेच गणित जवळजवळ अर्ध्या देशाला लागू आहे. देश महाराष्ट्राच्या सातव्या हिश्शाएवढा. त्यातली २६ टक्के जमीन समुद्रसपाटीच्या खाली आणि तिच्याशिवाय आणखी बरीच नद्यांच्या पुराच्या तोंडाशी. हा देश कसा तगून आहे, हे बघायचं असेल तर बसच्या खिडकीतून कळत नाही. त्यासाठी सायकल हवी, बोट हवी आणि आठवडाभराची सवड हवी.

बोटीत मुक्काम, सायकलवर दिवस

ही सहल कशी चालते ते आधी सांगतो. धरमतरच्या खाडीत आपण बार्ज पाहतो. तिथं कालव्यांतून माल वाहणारे लहान बार्ज पूर्वी शेकड्यांनी होते. ट्रक आले, मोठी जहाजं आली आणि या लहान बार्जांचं काम गेलं. मग त्यांतल्या काहींच्या मालाच्या कोठारात निजायच्या खोल्या पाडल्या, वर जेवणघर केलं आणि डेकवर सायकली लावल्या. झालं तरतं वसतिगृह. खोली एवढीशी की एकानं कपडे बदलायचे तर दुसऱ्यानं बाकावर पाय वर घेऊन बसायचं. सकाळी न्याहारी करायची, दुपारसाठी पाव-चीज आपल्या हातानं बांधून घ्यायचं आणि सायकल काढायची. दिवसभरात तीस-पन्नास किलोमीटर होतात. तेवढ्या वेळात बोट कालव्यानं पुढच्या गावी जाऊन धक्क्याला लागते. संध्याकाळी आपलं बिऱ्हाड आपल्या आधी पोचलेलं असतं! एप्रिल ते ऑक्टोबर हा हंगाम.

पन्नास किलोमीटर म्हटल्यावर घाबरू नका. घाट नाही, चढ नाही. लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या पुढे आणि सायकली त्याहून जास्त, असा हा देश. सायकलींचे वेगळे रस्ते पस्तीस हजार किलोमीटरच्या घरात. प्रत्येक फाट्यावर एक नंबर असतो. सकाळी दिवसाचे नंबर चिठ्ठीवर लिहून घ्या आणि एकापाठोपाठ एक गाठत चला, वाट चुकणार नाही. चालायचं मात्र उजव्या बाजूनं. खरा घाट म्हणजे वारा. तो समोरून आला की पेडल मारताना कसारा आठवतो.

हे रस्ते आपोआप झालेले नाहीत. १९७१ साली तिथं रस्त्यावरच्या अपघातांत ३,३०० च्या आसपास माणसं गेली, त्यात चारशेहून अधिक मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले. १९७३ चं तेलाचं संकट आलं, काही रविवार मोटारी बंद राहिल्या. त्या रेट्यातून सायकलींचे रस्ते वाढत गेले.

पहिले दोन दिवस : तळ्याचं शेत

अॅमस्टरडॅमच्या मोठ्या रेल्वे स्टेशनामागं फेरीबोट लागते. सायकलीसकट फुकट पलीकडे सोडते. दहा-पंधरा मिनिटांत शहर मागं पडतं आणि शेतचरांनी चिरलेली कुरणं सुरू होतात. दुसऱ्या दिवशी झानसे स्खान्सच्या पवनचक्क्या बघून उत्तरेला बीमस्टर गाठायचं.

बीमस्टर हेही एक तळंच होतं, सुमारे सात हजार हेक्टरांचं. अॅमस्टरडॅमच्या सधन व्यापाऱ्यांनी पैसा घातला. तळ्याभोवती बांध घातला, बांधाबाहेरून कडं करून कालवा काढला आणि चाळीसहून अधिक पवनचक्क्या लावून पाणी उपसायला घेतलं. एक चक्की पाणी फार वर चढवू शकत नाही. म्हणून पहिलीनं उचललं की दुसरीनं घ्यायचं, दुसरीनंतर तिसरीनं, अशी पायरी-पायरीनं चढती रांग लावली. १६१० साली वादळात बांध फुटला आणि तळं पुन्हा भरलं. लोकांनी बांध उंच केला, पुन्हा उपसा सुरू केला आणि १६१२ साली जमीन कोरडी पडली. आपल्याकडे शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला अजून अठरा वर्षं होती!

बांधानं वेढलेल्या अशा जमिनीला तिकडे पोल्डर म्हणतात. सगळं बुद्धिबळाच्या पटासारखं आखलेलं आहे. रस्ते सरळ, चर सरळ. १९९९ पासून बीमस्टर जागतिक वारशाच्या यादीत आहे. तुम्ही खालच्या रस्त्यानं सायकल हाकत असता आणि बांधावरच्या कालव्यातून एखादी होडी तुमच्या डोक्याच्या वरून जाते. पहिल्यांदा बघताना पाय पेडलवर थांबतात.

तिसरा-चौथा दिवस : पाण्याचं सरकार

तिसऱ्या दिवशी हारलेम. चौथ्या दिवशी लायडनच्या वाटेवर क्रुकियसचं पंपघर लागतं. स्किपोल ज्या तळ्याच्या तळाशी आहे, ते हारलेमचं तळं उपसणाऱ्या तीन पंपघरांपैकी हे एक. या तळ्याला लोक पाण्याचा लांडगा म्हणत, कारण दर वादळात ते काठची जमीन खायचं. १८३६ च्या दोन वादळांत पाणी एकदा अॅमस्टरडॅमच्या आणि एकदा लायडनच्या वेशीपर्यंत गेलं, तेव्हा सरकार हललं. वाफेच्या इंजिनांनी १८५२ पर्यंत तळं कोरडं केलं. क्रुकियसच्या इंजिनाचं सिलिंडर बारा फूट व्यासाचं आहे. १९३३ साली ते थांबलं, आता तिथं संग्रहालय आहे.

पण यंत्रापेक्षा मला सांगायचं आहे ते लायडनबद्दल. ऱ्हाइनलंड नावाची पाणी-पंचायत तिथली, तेराव्या शतकापासूनची. तिकडे पाण्याचा कारभार नगरपालिकेकडेही नाही आणि कलेक्टरकडेही नाही. त्यासाठी वेगळ्या पाणी-पंचायती आहेत. १९५० च्या सुमारास त्या अडीच हजारांहून जास्त होत्या, एकत्र करत करत आता २१ उरल्या आहेत. त्यांची निवडणूक दर चार वर्षांनी होते, कर वेगळा असतो. शेतकऱ्यांना आणि निसर्गक्षेत्रांची राखण करणाऱ्या संस्थांना प्रत्येकी दोन राखीव जागा आहेत. बाकीच्या सगळ्या जागांवर साधा रहिवासी मत देतो. चराची पातळी किती ठेवायची, कुठला पंप बदलायचा, बांध कुठं उंचावायचा, हे तिथं ठरतं.

जुना कायदा तर फार कडक होता. प्रत्येकाच्या वाट्याला बांधाचा ठरावीक तुकडा असायचा. ज्याला तो राखणं झेपेना, त्यानं आपलं फावडं बांधात रोवायचं आणि जमीन सोडून निघून जायचं. जो कुणी ते फावडं उपटेल, त्याची ती जमीन आणि त्याच्याच गळ्यात तो बांध. 'ज्याला बांध घालायचा नाही, त्यानं वाट धरावी' अशी त्यांच्याकडे म्हणच आहे.

पाचवा दिवस : खचणारी जमीन

लायडनहून गौडा. तिथले लोक घशातून 'खाउदा' म्हणतात. चीजचं गाव हे. उन्हाळ्यात गुरुवारी सकाळी चौकात पिवळ्या चाकांसारखे चीज मांडतात आणि सौदा हातावर टाळ्या देत बोलला जातो. आपल्या बैलबाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरायचा, त्याची आठवण होते. आज तिथला बाजार मुख्यतः पाहुण्यांसाठी भरतो, पण आसपासच्या गोठ्यांतलं चीज खरंच आहे.

याच वाटेवर जरा थांबा आणि चरात बघा. पाणी जमिनीच्या फूट-दोन फूट खाली असतं. इथली माती म्हणजे हजारो वर्षांच्या अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा स्पंज, पीट म्हणतात तिला. ओली आहे तोवर ती टिकते. पाणी काढलं की तिला हवा लागते, ती कुजते आणि खाली बसते. पुष्कळ ठिकाणी वर्षाला सेंटिमीटरच्या आसपास. सेंटिमीटर म्हणजे काय, असं वाटेल. शंभर वर्षांत मीटर होतो! जमीन बसली की चर पुन्हा खोल करायचा, पंपानं आणखी उपसायचं, की जमीन आणखी बसते. ज्या उपशानं देश उभा राहिला, त्याच उपशानं तो खाली चालला आहे. शिवाय कुजणाऱ्या पीटमधून कार्बन हवेत जातो, तो हिशेब वेगळाच.

उपाय सोपा वाटतो, की पाणी वर ठेवा. पण पाणी वर आलं की कुरण चिखल होतं, गाईचे खूर रुततात, ट्रॅक्टर चालत नाही. गौड्यासारख्या गावात पाणी वर तर जुन्या घरांच्या तळात ओल, पाणी खाली तर लाकडी पायाचे खुंट कुजायची भीती. म्हणजे चरातल्या चार बोटं पाण्यावर शेतकऱ्याचं, घरवाल्याचं आणि पक्ष्यांची काळजी घेणाऱ्याचं, तिघांचं भांडण. काही जण कुरणाखाली नळ्या घालून उन्हाळ्यात पाणी आत सोडून बघताहेत. काही जण ओल्यात येणारी पाणकणसासारखी पिकं लावून बघताहेत. त्यातच गोठ्यांतून होणाऱ्या नायट्रोजन प्रदूषणाचा वाद. २०१९ च्या कोर्टाच्या निकालानंतर हेगला ट्रॅक्टरांच्या रांगा लागल्या आणि २०२३ च्या प्रांतिक निवडणुकीत शेतकऱ्यांची बाजू घेणारा नवा पक्ष सगळ्यांच्या पुढे गेला. सहलीच्या फोटोत जी गाय शांत रवंथ करताना दिसते, तिच्या मालकाची झोप उडालेली असते.

सहावा दिवस : भगदाडात घातलेली बोट

गौड्याहून हॉलंडसे आयसेल नदीच्या बांधावरून निघायचं. वाटेत न्यूवेकेर्क गावाच्या शिवारात देशातली सगळ्यांत खोल जागा आहे, समुद्रसपाटीच्या ६.७६ मीटर खाली. दोन मजली घर उभं केलं तर कौलं तेवढी वर राहतील.

याच गावानं १९५३ च्या १ फेब्रुवारीची पहाट पाहिली. रात्रभर वादळ, त्यात मोठी भरती. नैर्ऋत्येकडचे बांध धडाधड फुटले. देशात १,८३६ माणसं दगावली. न्यूवेकेर्कचा बांधही सुटू लागला. तो गेला असता तर मागच्या लक्षावधी लोकांची वस्ती पाण्याखाली जाणार. तेव्हा गावच्या नगराध्यक्षानं आरी एव्हेग्रून नावाच्या तांडेलाला सांगितलं, तुझी बोट त्या भगदाडात घाल. बोटीचं नाव 'दोघे भाऊ'. तीच त्याची रोजीरोटी. त्यानं ती आणली, पाण्याच्या ओढीत तिरकी धरली आणि भगदाडाला दारासारखी लावली. बोट बसली, बांध वाचला. आता तिथं तिचं स्मारक आहे. पुढे पाच वर्षांनी, १९५८ साली, याच नदीवर वर-खाली होणारा मोठा वादळी दरवाजा बसला. त्या महापुरानंतरच्या प्रचंड बांधकामांतला तो पहिला.

दुपारी किंडरडाइक. ओळीनं १९ पवनचक्क्या, बहुतेक १७४० च्या आसपासच्या. आत अजून कुटुंबं राहतात. चक्की थांबवताना पाती जरा अलीकडे ठेवली तर घरात आनंदाची बातमी, जरा पलीकडे ढळू दिली तर दुःखाची, अशी त्यांची खूण. सगळे फोटो चक्क्यांचे काढतात. खरं काम आता शेजारच्या पंपघरातले मोठे स्क्रू करतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. तुम्ही बघा. रात्री बोटीत निजाल तेव्हा उशाशी पाण्याचा चुबुक-चुबुक आवाज असतो आणि त्या अंधारात ते स्क्रू चालूच असतात.

सातवा दिवस : पितळी खूण

परतीची वाट फेख्त नदीच्या काठानं. जुन्या व्यापाऱ्यांच्या हवेल्या, झुलते पूल आणि मधूनच पाणदरवाजे. बोट हौदात शिरते, मागचं दार मिटतं, पाणी चढतं, पुढचं दार उघडतं. संध्याकाळी अॅमस्टरडॅम.

सायकल परत करण्याआधी एक काम करा. तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीत जा. तिथं समुद्राच्या पातळीच्या शून्याची पितळी खूण आहे, देशातली सगळी उंची आणि खोली जिच्यावरून मोजतात ती. शेजारी काचेचे तीन खांब. दोन खांबांत बाहेरच्या समुद्राची या घडीची पातळी दिसते, पाणी भरतीला चढतं, ओहोटीला उतरतं. तिसऱ्यात १९५३ च्या पुराची उंची आहे, ४.५५ मीटर. ते पाणी बघायला मान वर करावी लागते. येणाजाणाऱ्याला पाणी आज कुठं आहे आणि एकदा कुठं आलं होतं, हे रोज दिसतं.

आपल्या खारेपाटातही पूर्वी खांड गेली की घरटी एक माणूस चिखलाचं ढेकूळ घेऊन बांधावर उभा राहायचा. पुढे बांध सरकारी झाले आणि पुष्कळ गावांत बांधाकडे बघणारा माणूसच उरला नाही. हॉलंडला जाणं सगळ्यांना जमणार नाही, हे मलाही कळतं. पण येत्या उधाणाच्या भरतीला सायकल काढून आपल्या बांधावरून एक चक्कर जरूर मारा. उघाडीची फळी शेवटची कधी बदलली, हे गावात विचारा. कुणाला सांगता आलं नाही, तर ती चक्कर वाया गेली नाही असं समजा.